वांद्रे-वरळी सागरी सेतू असा का बांधला?

तुम्ही एका दमात पाच गोष्टी विचारल्या आहेत. सागरी सेतू सरळ का नाही, दोर दोनच ठिकाणी का, बाकीचा पूल दोरांशिवाय कसा उभा आहे, ठरावीक अंतराने गाडीखाली ‘धडक्’ असा आवाज का येतो आणि त्यात काही धोका आहे का, आणि आठ पदरी पूल असूनही इतकी वर्षं वरळीला उतरल्यावर गाड्या का तुंबायच्या. मी पस्तीस वर्षं पुलांच्या कामात काढली, त्यातली निम्मी खाडीच्या चिखलात. हा पूल मी बांधलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अशाच पाण्यात, अशाच खडकावर कामं केली आहेत, तेव्हा त्याचा स्वभाव माहीत आहे.

सगळ्यात आधी डोळ्यांसमोरचं ते चित्र जरा बाजूला ठेवा. कॅलेंडरवर आणि सिनेमात दिसतो तो उंच मनोरा आणि पंख्यासारखे पसरलेले दोर म्हणजे जेमतेम ६०० मीटरचा तुकडा. सगळा प्रकल्प ५.६ किलोमीटरचा. वांद्र्याकडून निघालात की आधी टोलनाका, मग साध्या गाळ्यांचा, म्हणजे नुसत्या खांबांवर टेकलेला पूल, मग मोठा दोरांचा भाग, पुन्हा साधे गाळे, वरळीजवळ धाकटा दोरांचा भाग, पुन्हा साधे गाळे, आणि शेवटी जमिनीवर उतरणारा रॅम्प. कामाच्या दृष्टीने ही तीन-चार वेगवेगळ्या जातींच्या पुलांची माळ आहे. माळ म्हटलं की ती कुठून तुटेल हा प्रश्न आलाच, आणि तिथेच आमच्यासारख्यांचं लक्ष असतं.

याच्या आधी वांद्रे आणि शहर यांच्यामध्ये पश्चिमेकडून काय होतं? माहीमचा कॉजवे. १८४० च्या दशकात तो झाला तो अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांतून, आणि त्यांची अट होती की सरकारने त्यावर टोल घ्यायचा नाही. टोलनाक्यावर रांगेत उभा राहिलो की मला हटकून ही बाई आठवते. तर उपनगरं फुगत गेली आणि त्या एका रस्त्यावर सगळा भार. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागारांनी पश्चिम किनाऱ्याने जलदगती मार्ग सुचवला होता. भूमिपूजन व्हायला १९९९ उजाडलं. ६६० कोटींचा अंदाज १६०० कोटींच्या घरात गेला. ३० जून २००९ ला पूल उघडला तोही अर्धाच. पहिले जवळजवळ नऊ महिने एकाच बाजूच्या चार पदरांवरून जाणं-येणं दोन्ही चालायचं. आठही पदर मिळाले ते २४ मार्च २०१० ला.

आता गाळ्यांकडे येऊ. दोन खांबांमधल्या अंतराला आम्ही गाळा म्हणतो. गाळा किती ठेवायचा हे ठरवताना एक तराजू हातात असतो. एका पारड्यात खांब आणि त्याखालचा पाया, दुसऱ्यात वरचा गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी तुळई. खांब जवळजवळ घेतले तर गर्डर हलका होतो, पण समुद्रात पाया घालायचा खर्च वाढतो. खांब लांब लांब घेतले तर पाये कमी, पण गर्डर झपाट्याने जड होत जातो, कारण गाळा दुप्पट केला की स्वतःच्या वजनाने त्याला वाकवणारा जोर (बेंडिंग मोमेंट) चौपट होतो. जिथे ही दोन पारडी साधारण समान होतात, तो किफायतशीर गाळा. सागरी सेतूच्या साध्या भागात तो ५० मीटर निघाला. बहुतेक पूल असाच आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: ५० मीटरसाठी दोर लागत नाहीत. आतून पोकळ काँक्रीटची पेटी, म्हणजे बॉक्स गर्डर, आणि तिच्या पोटातून ताणून बसवलेल्या पोलादी केबल एवढं पुरतं. या पेटीचं पोट खाली माशाच्या पोटासारखं गोलसर आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या रस्त्यासाठी अशा दोन पेट्या शेजारी शेजारी चालतात.

या पेट्या जागेवर ओतलेल्या नाहीत. वांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या आवारात साधारण तीन-तीन मीटरचे तुकडे ओतले. एकेकाचं वजन शंभर टनांच्या वर. एका गाळ्यात असे पंधरा तुकडे. युक्ती अशी की प्रत्येक नवा तुकडा ओतताना आधीचा तुकडाच त्याचा साचा म्हणून शेजारी ठेवतात. त्यामुळे दोघांची तोंडं एकमेकांत चपखल बसतात, आणि जागा चुकली तर बसतच नाहीत. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. पूल वळणदार असला की दोन तुकडे सारखे नसतात. एक बाजू दुसरीपेक्षा काही मिलिमीटर लांब. मग एक प्रचंड पोलादी सांगाडा, लाँचिंग गर्डर, दोन खांबांवर टेकवून पंधराही तुकडे त्याला टांगायचे, सांध्यांना इपॉक्सीचा गोंद फासायचा, केबल ताणायच्या आणि सांगाडा पुढच्या गाळ्यावर सरकवायचा. तो सांगाडा दोरांच्या भागावरून पुढे सरकणं शक्य नव्हतं. म्हणून ‘एशियन हर्क्युलिस’ नावाची तरंगती क्रेन आणून, हजार टनांहून जड असलेला तो अख्खा सांगाडा उचलून पलीकडे ठेवला. त्या क्रेनच्या खेपेबद्दल त्या काळी आमच्या वर्तुळात जितकं बोललं गेलं तितकं मनोऱ्याबद्दलही बोललं गेलं नसेल.

आता दोर. वांद्र्याच्या बाजूला मिठी नदी आणि माहीमची खाडी समुद्राला मिळते. तिथे ५०, २५०, २५० आणि ५० असे गाळे आहेत, आणि मधोमध सव्वाशे मीटरहून थोडा उंच मनोरा. वरळीकडे कोळीवाड्याच्या होड्यांची वाट आहे, तिथे १५० मीटरचा गाळा आणि ५५ मीटरचे मनोरे. मोठ्या भागात २६४ दोर, धाकट्यात १६०. डेकवर, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या तक्तपोशीवर, दर ६ मीटरला एक दोर पकडतो. म्हणजे खालून खांबाने द्यायचा आधार वरून, दर ६ मीटरला, दिला. डेकला २५० मीटर पेलायचेच नाहीत. त्याला फक्त एका दोरापासून पुढच्या दोरापर्यंतचे ६ मीटर पेलायचे आहेत. म्हणूनच दोरांच्या भागातही पेटी तीच, साध्या गाळ्यांतली. खालून होडीतून बघितलंत तर कुठे दोर सुरू झाले हे पोटावरून ओळखू येत नाही.

पण दोर तिरका आहे, हे विसरू नका. तो उचलतो त्याबरोबर मनोऱ्याकडे ओढतोही. मनोऱ्यापासून सगळ्यात लांबच्या दोराचा विचार करा: डेकच्या वर मनोऱ्याची उंची शंभर मीटरच्या आसपास, आडवं अंतर अडीचशेच्या जवळ. म्हणजे तो जितकं उचलतो त्याच्या दुपटीहून जास्त आडवा ओढतो. ही ओढ दोन्ही बाजूंनी डेकला मनोऱ्याच्या दिशेने दाबते. काँक्रीटला दाबून घेणं आवडतं, ताणून घेणं अजिबात नाही. त्यामुळे दोरांच्या पुलात काँक्रीटचा डेक फुकटात मजबूत होतो.

फुकट असं अर्थात काहीच नसतं. दोन्ही बाजूंचे गाळे सारखे आहेत तोवर डावीकडचे दोर उजवीकडच्यांना तोलून धरतात. एका बाजूला गाड्या भरल्या आणि दुसरी रिकामी राहिली की मनोरा भरलेल्या बाजूला झुकायला बघतो. दोन मनोरे असलेल्या पुलात टोकाच्या खांबांना बांधलेले दोर त्याला मागे ओढून धरतात. इथे मनोरा एकटा. म्हणून त्याला चार पाय आहेत, आणि ते आडवे-उभे दोन्ही दिशांना कललेले आहेत. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस धक्क्याने पडत नाही, तेच. कागदावर हे सोपं, शटरिंगवाल्यांना विचारा. दर तीन मीटरच्या ओतकामाला साच्याचा कोन दोन दिशांनी राखत शंभर मीटर वर चढायचं, समुद्रावरच्या वाऱ्यात.

आणि हो, या पुलात वापरलेली पोलादी तार पृथ्वीला एक वेढा घालेल इतकी आहे, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ऐकायला छान आहे. पण दोर म्हणजे समांतर तारांचा जुडगा. बारीक तारा जास्त घेतल्या की लांबी वाढते. जाड घेतल्या असत्या तर पृथ्वी अर्धीच वेढली गेली असती आणि पूल तितकाच भक्कम राहिला असता.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर वांद्र्याकडचे २५० मीटरचे गाळे नुसत्या होड्यांच्या हिशोबाने लागत नव्हते. तिथून मोठी जहाजं जात नाहीत. शहराला एक खूण हवी होती आणि ती मिळाली. त्यात गैर काही नाही, पुलांना खूण व्हायचा हक्क आहे. पण ‘नदीमुळे गत्यंतर नव्हतं’ असं कोणी सांगितलं तर मान हलवू नका. वरळीकडचा १५० चा गाळा मात्र खरोखर वाटेसाठी आहे. तो धाकटा आहे म्हणून त्याचे फोटो कोणी काढत नाही. माझ्या लेखी काम तोच जास्त करतो.

वळणांबद्दल. ‘चालक सावध राहावा म्हणून पूल वाकडा केला’ असं एक ठरलेलं उत्तर लोक देतात. लांब सरळ रस्त्यावर डोळा लागतो हे खरं, पण एवढ्या काही किलोमीटरच्या प्रवासात त्यासाठी कोणी कोट्यवधी रुपयांची वळणं घेत नाही. नकाशा काढा. माहीमच्या उपसागराच्या काठावर तीन किल्ले आहेत: वांद्र्याचा, माहीमचा आणि वरळीचा. वरळीचा किल्ला आणि कोळीवाडा समुद्रात नाकासारखे पुढे आले आहेत. पुलाला वांद्र्याच्या भराव जमिनीवरून निघून या नाकाला वळसा घालायचा आणि मग वरळीच्या किनारी रस्त्याला समांतर होऊन उतरायचं. सरळ रेषा काढली तर ती कोळीवाड्याच्या घरांतून जाते. शिवाय खाली खडक कुठे वर आहे, कुठे खोल आहे, हेही बघावं लागतं. दोरांचा भाग मात्र सरळ ठेवणं शहाणपणाचं. वळणावर दोर लावले तर ते डेकला आतल्या बाजूला ओढत राहतात आणि डोकेदुखी वाढते.

आता तो ‘धडक्’. हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. काँक्रीट उन्हाने वाढतं, थंडीने आखडतं. साधे गाळे बहुतेक ठिकाणी सहा-सहाच्या गटाने सलग जोडलेले आहेत, म्हणजे ३०० मीटरचा एक तुकडा. काँक्रीट एका अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात १२ भाग वाढतं. तापमानात २५ अंशांचा फरक धरा: ३०० मीटरचा तुकडा ९० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे जवळजवळ चार बोटं. ती चार बोटं कुठेतरी मावली पाहिजेत. म्हणून गटाच्या टोकाला फट ठेवायची आणि तिच्यावर पोलाद-रबराचा सरकता सांधा बसवायचा. तोच एक्स्पान्शन जॉइंट, आणि चाक त्यावरून गेलं की तुमचा ‘धडक्’.

पुढच्या वेळी शेजारी बसाल तेव्हा सेकंद मोजा. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ३०० मीटरला साडेतेरा सेकंद. दोरांचा मोठा भाग मात्र सांध्यापासून सांध्यापर्यंत ६०० मीटर सलग आहे, तिथे सत्तावीस सेकंद शांतता मिळते. आणि त्या शांततेच्या दोन्ही टोकांचे सांधे सगळ्यात जास्त हलणारे. हिशोबापुरतं असं धरा की मनोरा डेकला मध्यभागी जागेवर धरून आहे: तर एकेका टोकाला ९० मिलिमीटर, आणि शेजारच्या ३०० च्या तुकड्याच्या या टोकाचे ४५, एकूण १३५. मला या पुलाच्या देखभालीचं काम कोणी दिलं असतं तर पहिल्या दिवशी मी मनोऱ्यावर चढलो नसतो, या दोन सांध्यांखाली जाऊन बसलो असतो.

सांध्याच्या जोडीला खांबाच्या डोक्यावर बेअरिंग असतात. गर्डर खांबावर थेट टेकत नाही. मध्ये ही गादी असते, जी वजन खाली देते पण सरकू देते, थोडं वळूही देते. हे अडकलं की काय होतं ते मी एका उड्डाणपुलावर पाहिलं आहे. नाव सांगत नाही. डांबरीकरण करणाऱ्यांनी दोन वेळा सांध्यावरूनच थर ओढला, फटीत खडी आणि माती भरली, रबर फाटलं, पावसाचं पाणी थेट बेअरिंगवर. सहा-सात वर्षांत बेअरिंग गंजून गच्च. गर्डरला उन्हात वाढायचंच होतं. त्याला जागा मिळेना, तेव्हा त्याने खांबाचं डोकं ढकललं आणि बेअरिंगखालचा काँक्रीटचा ओटा फुटला. वरून जाणाऱ्या एकाही गाडीवाल्याला पत्ता नव्हता. मूळ दोष चारशे रुपयांच्या फावड्याने आणि एका माणसाच्या अर्ध्या दिवसाने निस्तरला असता. दुरुस्तीला रात्रीचे ब्लॉक घेऊन, जॅकने गर्डर उचलून, तीन महिने लागले.

पायांबद्दल थोडं, कारण समुद्रात पैसा तिथेच बुडतो. साध्या खांबांखाली दीड मीटर व्यासाचे चार-चार पाइल, म्हणजे खडकात उतरवलेले काँक्रीटचे खांब आहेत, कुठे ६ मीटर लांब तर कुठे ३४. मोठ्या मनोऱ्याखाली दोन मीटर व्यासाचे ५२. इतका फरक का? मुंबईचा खडक. आपण म्हणतो काळा पाषाण, पण समुद्राखाली तो सलग नाही. बेसॉल्ट, मग मऊ राखेचा थर, मग ब्रेशिया (कोनदार तुकडे चिकटून झालेला खडक), पुन्हा बेसॉल्ट. लाव्हाच्या दोन लोटांमधली विश्रांती मातीच्या रूपात मध्ये अडकलेली. अशा ठिकाणी आधी बोअर घेतात, म्हणजे तळाला भोकं पाडून खडकाचे नमुने काढतात. मी नवखा असताना दुसऱ्या एका खाडीवर पाइलचं टोक ‘कठीण खडक लागला’ म्हणून थांबवायला सांगितलं होतं. आमचे जुने ड्रिलर म्हणाले, ‘साहेब, आवाज बरोबर नाही, अजून दोन मीटर जाऊ द्या.’ मी आधी ऐकलं नाही. मग वरिष्ठांनी ऐकायला लावलं. दीड मीटरवर तो ‘खडक’ संपला आणि खाली मुरूम निघाला. तेव्हापासून बोअरचा तक्ता वाचायच्या आधी मी ड्रिलरला चहा पाजतो.

भरती-ओहोटीचा पट्टा हा दुसरा शत्रू. उधाणाला मुंबईचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. जो भाग कायम पाण्याखाली असतो त्याला प्राणवायू मिळत नाही, म्हणून तो गंजत नाही म्हणा. जो कायम कोरडा तोही तसा बरा. पण मधला, दिवसातून दोनदा भिजणारा आणि दोनदा वाळणारा पट्टा मीठ आत खेचून घेतो, आणि त्याच्या वर लाटांचे शिंतोडे. आपण हा धडा महागात शिकलो आहोत. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. त्याच्या ताणलेल्या केबलांना गंज लागला आणि पंचवीस वर्षांच्या आत, १९९७ मध्ये, शेजारी नवा पूल आणावा लागला. गोव्यात पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल तर ५ जुलै १९८६ ला कोसळलाच. या दोन पुलांनी आमच्या पिढीला जाड आवरण, घट्ट काँक्रीट आणि केबलच्या नळीत नीट भरलेलं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) यांचं महत्त्व जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नसेल. सागरी सेतूचे मनोऱ्याचे दोर, म्हणजे स्टे केबल, बाहेरून प्लॅस्टिकच्या जाड आवरणात आहेत ते यासाठीच. ते आवरण शाबूत आहे का, आणि दोर जिथे डेकमध्ये शिरतो त्या खोबणीत पाणी साठतं का, हे बघत राहणं हे न संपणारं काम.

आता कोंडी. इथे मी जरा रागावून लिहिणार आहे, चालवून घ्या.

पुलाचा एक पदर अडथळा नसताना तासाला १८०० ते २००० गाड्या नेतो. एका दिशेला चार पदर, म्हणजे सात-आठ हजार. त्या पुलाच्या टोकाला सिग्नल असेल आणि तुमच्या वाट्याला दीड मिनिटातले तीस सेकंद हिरवे येत असतील तर तोच पदर तासाला सहाशे गाड्या सोडतो. उरलेल्या कुठे जाणार? पुलावर उभ्या राहणार. वरळीला पंधरा वर्षं हेच चाललं होतं. वीसहून जास्त सिग्नल पुलाने वाचवले हे खरं, पण वाचवलेला वेळ बऱ्याचदा उतारावर परत द्यावा लागे. पूल पुढे हाजी अलीपर्यंत न्यायचा बेत होता. तो गुंडाळला गेला आणि पूल वरळीलाच उतरला. पाइप कितीही मोठा घ्या, नळाची तोटी लहान असेल तर पाणी तोटीएवढंच.

वांद्र्याचं टोकही तसंच. टोलनाक्याला १६ मार्गिका, एका दिशेला आठ. रोख पैसे घेऊन, सुट्टे मोजून, पावती द्यायला पंधरा सेकंद धरा. एका मार्गिकेतून तासाला २४० गाड्या, आठांतून १९२०. म्हणजे आठ खिडक्या मिळून पुलाच्या जेमतेम एका पदराएवढं काम करत होत्या! फास्टॅग २०२१ मध्ये सक्तीचा झाल्यावर हे बरंच सुधारलं. पण मुळात हे गणित चौथीच्या मुलालाही करता आलं असतं.

टोकाचा प्रश्न सुटला तो सागरी किनारा मार्गाने. मरीन ड्राइव्हकडून भराव, जुळे बोगदे आणि पूल असा १०.५८ किलोमीटर येऊन तो वरळीला सेतूला भिडतो. आता इथे कोळीवाड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा मार्ग सेतूला जोडणाऱ्या जोडपुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेत येत होते, आणि आराखड्यात गाळा ६० मीटरचा. कोळी बांधवांनी काम अडवलं. कागदावर ६० मीटर म्हणजे प्रशस्त. पण पावसाळ्यात, खडकाळ तळावर, आडव्या लाटेत, वाऱ्याने होडी बाजूला सरकत असताना, समोरून दुसरी होडी येत असताना ते साठ मीटर किती उरतात हे नाखव्याला माहीत. आमच्या संगणकाला नाही. त्यांची मागणी याहून बरीच मोठी होती. शेवटी महापालिकेने एक खांब काढून गाळा १२० चा केला.

आणि पुलाचं रूपच बदललं. ६० मीटरला काँक्रीटचा गर्डर चालला असता. १२० ला पोलादी धनुष्याकृती कमानी आल्या. वरची कमान, खाली तिला ताणून धरणारा डेक, जसा धनुष्याला दोर. पहिली कमान १३६ मीटर लांब, २००० टनांची. एप्रिल २०२४ मध्ये पहाटेच्या अंधारात बसवली. दुसरी १४३ मीटर, २५०० टन, मेमध्ये. दोन्ही आख्ख्या जोडून बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावरून आणल्या. ती बार्ज खांबांच्या मध्ये नेऊन, भरती-ओहोटीच्या तालावर कमान खांबांवर टेकवायची. थोडक्यात, दोन हजार टनांचा उचलजॅक म्हणून समुद्रच वापरायचा. वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा, आणि मध्ये वारा सुटला तर देवाचं नाव घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये एक बाजू सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये दुसरी. या मार्गाच्या पुलांना चार-चार पाइलऐवजी एका खांबाला एकच जाडजूड पाइल, मोनोपाइल, वापरला. समुद्रतळाची जागा कमी अडते आणि पाणी मोकळं वाहतं.

म्हणजे बघा: सेतूचा धाकटा दोरांचा गाळा होड्यांसाठी आणि जोडपुलाच्या कमानीही होड्यांसाठी. दोन्हीकडे पुलाचा आकार खालून जाणाऱ्याने ठरवला आहे.

वरळीची कोंडी संपली का? उतारावरची बरीच हलली. आता गर्दीच्या वेळी ती पुढे मरीन ड्राइव्हच्या तोंडाशी आणि उलट दिशेला वांद्र्याला दिसते. तिकडे वर्सोव्यापर्यंतचा पुढचा सेतू होतोय. तो झाला की तोटी अजून उत्तरेला सरकेल.

राहिला धोक्याचा प्रश्न. प्रत्येक सांध्यावर सारखा, बसका ‘धडक्’ येत असेल तर खुशाल जा, तो पूल श्वास घेतोय असं समजा. एखाद्याच सांध्यावर आवाज बदलला, पत्रा आपटल्यासारखा सुटा खणखणाट यायला लागला, तर तिथला एखादा बोल्ट किंवा पट्टी सैल झालेली असू शकते. घाबरायचं कारण नाही, पण कळवायला हवं, आणि कळवताना ‘सी-लिंकवर आवाज येतो’ एवढं लिहू नका. कोणत्या दिशेने जात होतात, कितवा पदर, आणि तो सांधा मोठ्या मनोऱ्याच्या आधीचा की नंतरचा, हे तीन तपशील द्या. खाली उतरून बघणाऱ्या माणसाची अख्खी रात्र वाचते.